पानाची डावी बाजू

कोशिंबिरीवर कुणी संशोधन करतं का, असा प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत मला पुष्कळांनी विचारला आहे. विचारणाऱ्यांचा सूर बहुधा चेष्टेचा असतो आणि त्यांचं काही चुकतं असंही मला वाटत नाही. मी बार्शीला शिलाईचं दुकान चालवतो. शिक्षण बारावीपर्यंत. कापड बेतण्याच्या टेबलाखाली एक फळी आहे. तिच्यावर जुनी पाकपुस्तकं, आहारशास्त्राची दोन-तीन पाठ्यपुस्तकं, चरकसंहितेचं मराठी भाषांतर आणि कात्रणांच्या वह्या असतात. गिऱ्हाईक नसलं की मी वाचतो. इंग्रजी अडलं तर भाचीला विचारतो, संस्कृत अडलं तर गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींना. एवढंच माझं संशोधन.

मात्र या उद्योगाची सुरुवात जिज्ञासेतून झाली असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. ती एका शब्दामुळं झाली, आणि तो शब्द मी माझ्या आईला उद्देशून वापरला होता.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मला साखरेचा विकार निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, रोज चालायला सांगितलं, आणि जाता जाता, 'जेवणात कच्च्या भाज्या वाढवा,' म्हणाले. नुसतं 'वाढवा' म्हणाले होते. पण मी घाबरलेला होतो आणि घाबरलेल्या माणसाला 'थोडं वाढवा' हा सल्ला पुरत नाही, त्याला काहीतरी संपूर्ण हवं असतं. ते मला तीन दिवसांच्या एका शिबिरात मिळालं. तिथल्या मार्गदर्शकांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकाला नाव दिलं 'जिवंत अन्न', दुसऱ्याला 'मेलेलं अन्न'. काकडी, गाजर, मोड आलेले मूग, फळं पहिल्यात. भात, भाकरी, आमटी, पुरणपोळी दुसऱ्यात. मी ते रकाने वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले, पट्टी धरून.

चार महिने मी विस्तवावरचं काही खाल्लं नाही. वजन अकरा किलो उतरलं. साखरही उतरली, ते प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. त्याच्याबरोबर पोट ढोलासारखं फुगायचं, थंडीत मशीनवर बसलं की बोटं गार पडायची, आणि संध्याकाळी सहानंतर माझ्याशी बोलायला घरात कुणी धजायचं नाही. अशाच एका संध्याकाळी आईनं माझ्या ताटात ज्वारीची गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. तिला वाटलं असेल, पोरगं वाळत चाललंय. मी ताट सरकवलं आणि म्हणालो, "हे मेलेलं अन्न मला वाढत जाऊ नकोस."

आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती. आधी चूल, मग स्टोव्ह, मग गॅस, अशी पन्नासहून अधिक वर्षं तिची त्यात गेली होती. ती काही बोलली नाही. ताट उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवसापासून मला वाढायला बायको येऊ लागली.

पाचव्या महिन्यात पुतणीच्या लग्नात मसालेभाताच्या वासानं माझं व्रत मोडलं. मी तीनदा भात घेतला. व्रत गेलं, पण तो शब्द राहिला. अन्नाला 'मेलेलं' म्हणायचं हे कुणाला, कधी सुचलं असेल? हे शोधायला म्हणून मी वाचू लागलो.

शोध पहिल्यांदा थेट स्वित्झर्लंडला पोचला. झुरिकमध्ये मॅक्सिमिलियन बिर्खर-बेन्नर नावाचे एक डॉक्टर होते (१८६७–१९३९). १९०४ साली त्यांनी शहराबाहेरच्या टेकडीवर आरोग्यधाम काढलं. पहाटे उठणं, चालणं, उन्हात बसणं आणि कच्चं खाणं हा तिथला क्रम. आज डब्यातून विकलं जाणारं मुसली हा मूळचा त्यांचाच पदार्थ. पण त्यांच्या मुसलीत किसलेलं सफरचंद मुख्य आणि भिजवलेले ओट जेमतेम चमचाभर असत. सूर्याची शक्ती वनस्पतींत साठते आणि शिजवल्यानं ती कमी होते, अशी त्यांची उपपत्ती होती. तिच्यावरून त्यांनी अन्नाची उतरंड लावली: वर कच्च्या वनस्पती, मध्ये शिजवलेल्या, तळाशी मांस. उपपत्ती पुढं टिकली नाही. पण ज्या काळात श्रीमंत युरोपीय माणूस मांस आणि पांढरा पाव यांवरच पोसला जात होता, त्या काळात त्यांनी लोकांना फळं-भाज्या खायला लावल्या आणि त्याचा पुष्कळांना गुण आला. औषध बरोबर आणि कारण चूक, असं वैद्यकात बरेचदा घडतं. पुढच्यांनी मात्र औषधाइतकीच ती उतरंडही जपून ठेवली. शिबिरातल्या फळ्यावरचे दोन रकाने म्हणजे त्याच उतरंडीचा खालच्या वर्गासाठी केलेला सोपा धडा होता.

दुसरं नाव गांधीजींचं. १८९३ साली प्रिटोरियात असताना, वय तेवीस, त्यांनी 'प्राणयुक्त' अन्नाचा प्रयोग केला: भिजवलेले गहू, वाटाणे, बेदाणे, बदाम, फळं. रोजच्या रोज टिपणं ठेवली. सुमारे दोन आठवड्यांत अशक्तपणा येऊन प्रयोग सोडावा लागला आणि तो फसल्याचा सगळा वृत्तांत त्यांनी १८९४ मध्ये लंडनच्या 'व्हेजिटेरियन' पत्रात छापायला दिला. छत्तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, साठीला टेकलेल्या गांधीजींनी आश्रमात पुन्हा तोच घाट घातला. या वेळी बरोबर इतर आश्रमवासीही होते. 'यंग इंडिया'त त्यावर लिहिलं, आणि प्रकृती बिघडल्यावर प्रयोग थांबवला हेही तिथंच लिहिलं. मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे दोनदा जाहीरपणे थांबणं. माझ्या शिबिरातल्या कुणीही, मी धरून, 'जमलं नाही' असं कुठं लिहिल्याचं मला माहीत नाही. आम्ही सगळे गुपचूप मसालेभातावर परतलो.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं की कच्चं ते श्रेष्ठ आणि शिजलेलं ते कमी हा विचार बाहेरून आला. मग एकदा पितृपंधरवड्यात आजीची आठवण निघाली.

आमचं मूळ गाव बार्शीपासून दोन कोसांवर. आजोबांच्या पित्राला गावातले भटजी यायचे. आजी सूप भरून ठेवायची: तांदूळ, हरभऱ्याची डाळ, गूळ, मीठ, वाटीत तूप, वर एक कारलं, भोपळ्याची फोड, दोन मिरच्या. भटजी ओट्यावर बसून मंत्र म्हणायचे, शिधा झोळीत घालून घ्यायचे आणि निघायचे. आत पंचवीस माणसांचा स्वयंपाक तयार असायचा. तो त्यांना चालत नसे. तेच तांदूळ, तीच डाळ. आमच्या घरातल्या चुलीवर चढली की न चालणारी व्हायची. आजीला यात काही वावगं वाटत नव्हतं, रीतच तशी होती. मला मोठं झाल्यावर वाटू लागलं.

या रीतीला धर्मशास्त्रात नाव आहे. संस्कृतात 'आम' म्हणजे कच्चं, आणि शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडं धान्य देऊन करायचं ते आमश्राद्ध. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची चर्चा आहे. प्रवासात, अडचणीत कुणालाही त्याची सवलत. शूद्रानं मात्र नेहमी आमश्राद्धच करावं, असा दंडक. थोडक्यात, कच्च्याला विटाळ लागत नाही आणि शिजलेल्याला शिजवणाऱ्याची जात चिकटते. आमच्या आजीच्या सुपातल्या कारल्याला एक प्रतिष्ठा होती, तिच्या हातच्या आमटीला नव्हती. आणि हेही लिहायला हवं की गावकुसाबाहेरच्या माणसांच्या हातचं पाणीसुद्धा आमची ही आजी पीत नसे. उतरंडीवर आम्ही मध्ये कुठंतरी होतो आणि खाली बघायला शिकलो होतो.

एका बाईनं रांधलेलं अन्न ती रांधते म्हणून कमी, हे भटजींनी आजीला मंत्रांच्या भाषेत सांगितलं आणि मी आईला आरोग्याच्या भाषेत. हे लक्षात आलं त्या रात्री मी दुकान लवकर बंद केलं.

याच मातीत नेमकं उलट वागणूक देणारं कच्चं अन्नही आहे. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन होतं. ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, काकडी, लोणचं, हिरवी मिरची एकत्र कालवतात आणि तो काला एकमेकांच्या तोंडात भरवायचा असतो. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, त्या कथेचं हे रूप. उष्ट्याचा, जातीचा विचार त्या घटकेपुरता बाजूला. घटकेपुरताच, हे खरं. पण आमच्या बार्शीत भगवंताच्या देवळापुढं काल्यात हात घालताना 'यातलं शिजलेलं कोणतं, कच्चं कोणतं' असं विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

वैद्यकाच्या ग्रंथांत काय म्हटलंय ते पाहायला मी गुरुजींकडे गेलो. 'आयुर्वेदात कच्चं वर्ज्य आहे' असं आपल्याकडे सर्रास सांगतात, त्याला थोडा आधार आहे: 'आम' हा शब्द तिथं न पचलेल्या, शरीरात साठून राहणाऱ्या अंशालाही लावतात, आमवात हे रोगाचं नाव त्यातूनच आलं. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सत्ताविसावा अध्याय उघडला की वेगळंच दिसतं. तिथं खाण्यापिण्याच्या द्रव्यांचे बारा वर्ग केले आहेत. त्यांत शाकवर्ग वेगळा आणि हरितवर्ग वेगळा. शाक म्हणजे शिजवायच्या भाज्या. हरितवर्गात आलं, ईडलिंबू, मुळा, तुळस, ओवा, धने, कांदा, लसूण अशी ताजी, हिरवी, जेवणाच्या कडेला खायची द्रव्यं येतात. (त्यातलं 'गृंजनक' म्हणजे गाजर की कांद्याचाच एखादा प्रकार, यावर अभ्यासकांत वाद आहे.) आपल्या पानाची डावी बाजूच ही.

या वर्गात मुळ्याबद्दल जे म्हटलंय ते मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे. कोवळा मुळा दोष घालवतो. जून झालेला तिन्ही दोष वाढवतो. तोच तुपा-तेलात शिजवला की वात शमवतो. आणि वाळवला की कफ-वातावर चालतो. एकाच मुळ्याच्या चार तऱ्हा, आणि मुळा चांगला की वाईट या प्रश्नाला थारा नाही. कोणता मुळा, किती कोवळा, कसा केलेला, कुणाच्या पोटात, एवढंच वैद्य विचारतो.

आजचं आहारशास्त्रही याच धाटणीनं बोलतं, असं मला वाचता वाचता दिसत गेलं. विस्तव काही घेतो, काही देतो. 'क' जीवनसत्त्व आणि फोलेट उष्णतेनं नासतं, भाजीच्या पाण्यात उतरून मोरीत जातं. तेवढ्यासाठी लिंबू, पेरू, कोबी, कोथिंबीर कच्ची खाण्यात फायदा आहे. भाकरीवर लिंबू पिळलेला कांदा खाल्ला तर ज्वारीतलं आणि पालेभाजीतलं लोहही अधिक अंगी लागतं. लसूण ठेचल्यावर तिच्यातला तिखट, उग्र द्रव्यांश तयार होतो, तो अखंड पाकळी उकळली तर होत नाही. ठेचा करणाऱ्या बाईला हे नाकानं कळलेलं असतं. दुसरीकडे टोमॅटोतला लाल रंग आणि गाजरातला केशरी रंग, दोन्ही उपयोगाचे, ते शिजवल्यावर शरीराला अधिक सहज मिळतात. पिष्ट पदार्थ तर शिजल्याशिवाय नीट पचतच नाहीत. बेल्जियममधल्या एका प्रयोगात अंड्यातलं प्रथिन शिजवल्यावर नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि कच्चं असताना निम्मंच पचलं होतं. राजमा कच्चा किंवा अर्धा शिजलेला खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात, त्यातलं विषारी द्रव्य खळखळून उकळल्यावरच मोडतं. अळू आणि सुरण कच्चं तोंडात घालून पाहण्याची गरज नाही, घसाच सांगेल. हार्वर्डचे रिचर्ड रँगम यांनी २००९ मध्ये 'कॅचिंग फायर' हे पुस्तक लिहून माणूस माणूस झाला तोच शिजवायला लागल्यामुळं, असं मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. तरी फक्त कच्च्यावर राहणाऱ्यांचं वजन उतरत का जातं, याचं उत्तर त्यात सापडतं: तेवढ्याच अन्नातून कमी ऊर्जा मिळते. जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाचशेहून अधिक कच्चाहारी लोकांची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या पंचेचाळीस वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. माझी गार पडणारी बोटं मला तेव्हा आठवली. शरीर काटकसरीला लागलं होतं आणि मी त्याला शुद्धी समजत होतो.

आता एक प्रयोग सांगतो, तो माझा आवडता. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात २००४ साली काही जणांना पालक, टोमॅटो, गाजराचं कच्चं सॅलड खायला दिलं. एकदा त्यावरचं मिश्रण बिनतेलाचं, एकदा कमी तेलाचं, एकदा भरपूर तेलाचं. बिनतेलाच्या सॅलडातून ते रंगीत पोषक द्रव्यांश रक्तात जवळजवळ पोचलेच नाहीत. तेल वाढलं तसे पोचले. हे वाचलं तेव्हा मी शिबिरानंतरचे माझे वाडगे आठवले: नुसतं किसलेलं गाजर, ना तेल, ना मीठ, ना दाणे. आणि आईची कोशिंबीर आठवली: गाजर किसून, दाण्याचा कूट, साखरेची चिमूट, लिंबू, वरून तुपात जिरं-हिंग-मिरचीची फोडणी. त्या फोडणीला शिबिरात 'मेलेल्या'च्या रकान्यात टाकलं होतं.

कूट आणि फोडणी म्हटली की परंपरेचा अभिमान जागा होतो, म्हणून एक खुलासा. शेंगदाणा, मिरची, टोमॅटो ही तिन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीज व्यापारानंतर आपल्याकडे आली. कोबी युरोपीय लोकांबरोबर. काकडी मात्र इथलीच. म्हणजे दाण्याचा कूट आणि हिरवी मिरची घातलेली आजची कोशिंबीर चारपाचशे वर्षांपेक्षा जुनी असू शकत नाही. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. जे आलं ते आपल्या बायकांनी किसलं, चिरलं, चाखलं आणि पानात वाढलं.

किती तऱ्हा आहेत याची मोजदाद करायला मी एक वही घातली होती, ती अर्ध्यातच भरली. आमच्याकडं आणि मराठवाड्यात मेथीचा घोळाणा होतो: कोवळी मेथी धुऊन चिरायची, कांदा, कूट, तिखट-मीठ, वर कच्चं तेल, आणि हातानं चोळायचं, त्याच्याबरोबर भाकरी. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचाही घोळाणा होतो, त्याची मूळची आंबूस चव असते, लिंबू लागत नाही. चैत्रात कैरी आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून केलेली आंब्याची डाळ. कोकणात दडपे पोहे: पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, नारळाचं पाणी शिंपडून दडपून ठेवायचे, विस्तव लागतो तो फोडणीपुरता. कोबीची पचडी, मुळ्याचा चटका, खमंग काकडी, मोडाच्या मुगाची कोशिंबीर. शेतात उभ्यानं खायचं वेगळंच: वाळूक, ओल्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, देठासकट कोवळी भेंडी, आणि बांधावर बसून बुक्कीनं फोडलेला कांदा. पुस्तकांत हे शेतातलं फारसं येत नाही, कारण पुस्तकं स्वयंपाकघरात लिहिली गेली.

या सगळ्याला मराठीत 'तोंडी लावणं' म्हणतात. तोंडी लावायचं, म्हणजे मुख्य जेवणाची जागा घ्यायची नाही आणि मुख्य जेवणाला पुढंही ढकलायचं नाही. उजव्या बाजूला भाजी-आमटी, डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. डावं-उजवं करणं म्हणजे भेदभाव करणं, असा आपला वाक्प्रचार आहे. पण ताटावर दोन्ही बाजू एकाच हातानं खायच्या असतात.

अडचण एकच आहे, डावी बाजू आक्रसली आहे. मी आमच्या घरच्या पानातली कोशिंबीर एकदा काट्यावर ठेवली, ती ३५ ग्रॅम भरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शिका प्रौढ माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सुचवते. कोशिंबीर चमचाभर का झाली याचं कारण शोधायला ग्रंथ लागत नाहीत. काकडी चोचवायला, गाजर किसायला, दाणे भाजून कुटायला वेळ लागतो आणि हात दुखतो. 'कच्चं खाणं सोपं, शिजवायची कटकट नाही' असं म्हणणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांच्यासाठी किसणारी दुसरी कुणीतरी असते. माझ्या चार महिन्यांच्या व्रतात रोज दुधी, गाजर, नारळ कोण किसत होतं, हे मी तेव्हा पाहिलंच नाही. बायको किसत होती, आणि वर घरच्यांचा स्वयंपाकही तिलाच होता.

तेव्हा मला कुणी विचारलं, कच्चं वाढवायचं तर कसं, तर मी आधी विचारतो, किसणार कोण? उत्तर 'मी' असेल तर पुढं बोलू. आहे त्या जेवणातलं काहीही काढू नये. डावीकडचा चमचा वाटीभर करावा, तोही पंधरा दिवसांत हळूहळू. पोटाला सवय नसते, एकदम वाढवलं की फुगतं, आणि मग माणूस कोशिंबिरीलाच नावं ठेवतो. ज्याला कच्चा कांदा सोसत नाही त्यानं काकडी खावी, ज्याला काकडी सोसत नाही त्यानं कोथिंबिरीची चटणी वाढवावी. कुणाला काहीच कच्चं सोसत नसेल तर त्यानं शिजलेली भाजी जास्त खावी. तीही भाजीच आहे. म्हाताऱ्या माणसाला दात नसतील तर बारीक किसून दह्यात घालावं. भाजी वाहत्या पाण्यात नीट धुवावी, कोबीची वरची पानं काढून टाकावीत. मोड आलेल्या कडधान्याबद्दल जरा जास्त जपावं. ज्या ओलाव्यात मोड येतात त्यातच जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत दूषित मोडांमुळं साथ आली, पन्नासहून अधिक माणसं दगावली, आणि माग काढता काढता संशय मेथीच्या बियांवर आला. गरोदर बाई, लहान मूल, अशक्त माणूस यांना मोड वाफवूनच द्यावेत. आपली उसळ आहेच. मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा माझ्यासारखी साखरेची, तर ताट बदलण्यापूर्वी डॉक्टरांच्या कानावर घालावं. मी घातलं नव्हतं. गोळी चालू ठेवून उपाशीच राहत होतो. एकदा मशीनवरच डोळ्यांपुढं अंधारी आली होती, तेव्हा सुई बोटात गेली.

आणि घरात दुसरं कुणी खात नसेल तर त्याच्या ताटाकडं पाहू नये. हे मला सगळ्यांत उशिरा जमलं.

माझी साखर आज गोळीवर, चालण्यावर आणि वाटीभर कोशिंबिरीवर ठीक असते. कोशिंबीर मीच करतो. सुरुवात केली तेव्हा आई ऐंशीच्या घरात होती, दात गेले होते. दुपारी दुकानातून आलो की ओट्यापाशी उभा राहून मी काकडी किसायचो, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायची. त्या ताटाबद्दल मी तिची क्षमा मागितली का? एकदा प्रयत्न केला. ती म्हणाली, "कसलं ताट?" तिला खरंच आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, ते मला समजलं नाही. ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली.

तिच्यासाठी काकडी अगदी बारीक किसावी लागायची, कूट चाळून, दही गोड. पहिल्यांदा केली तेव्हा मी सगळं एकदम कालवून झाकून ठेवलं आणि भाकरीची वाट बघत बसलो. तिनं झाकण काढून पाहिलं.

"मीठ घातलंस व्हय आत्ताच?"

"घातलं."

"पानं घेतल्यावर घालायचं असतं ते. बघ कसं पाणी सुटलंय." मग वाटी जवळ ओढली आणि म्हणाली, "असू दे. वाढ."